एव्हिन्स उघडतच नाही? लिनक्सवरच्या पीडीएफ व्ह्यूअरचा बिघाड कोणत्या क्रमाने शोधायचा

सातबारा डाउनलोड केला, फाइलवर दोनदा क्लिक केलं, बाणाशेजारचं चाक क्षणभर फिरलं आणि सगळं गप्प. खिडकी नाही, मेसेज नाही. कोल्हापुरात लिनक्स वापरणारी झेरॉक्सची दुकानं, कॉलेजच्या लॅब, उद्यमनगरातली वर्कशॉप, सगळीकडे ही तक्रार येते आणि तिच्यावरचा उपायही ठरलेला असतो. आधी व्ह्यूअर काढून परत टाकायचा. तरी नाही चाललं तर पुढे सुडो (ॲडमिनचे अधिकार देणारी कमांड) लावून बघायचं. पहिल्या उपायाने बहुतेक वेळा काहीच बदलत नाही, कारण बिघाड व्ह्यूअरच्या स्वतःच्या पॅकेजमध्ये क्वचितच असतो. दुसऱ्याने जुना बिघाड राहतो तो राहतोच, वर एक नवा तयार होतो. म्हणून इथे क्रमाला महत्त्व आहे. पायऱ्या वरून खाली करा, आणि थेट पुढे जा असं सांगितलं नसेल तिथे एकही गाळू नका.

लेख एव्हिन्सबद्दल आहे, म्हणजे ग्नोम डेस्कटॉपच्या डॉक्युमेंट व्ह्यूअरबद्दल, आणि प्रोग्रॅमची पॅकेजं टाकण्या-काढण्यासाठी एपीटी वापरणाऱ्या उबंटू, डेबियन, मिंट या घराण्याबद्दल. माते डेस्कटॉपवरचा ॲट्रिल एव्हिन्सपासूनच निघाला आणि मिंटचा एक्सरीडर ॲट्रिलपासून, त्यामुळे तिथे नाव बदलून जवळपास सगळं लागू पडतं. उबंटू २५.०४ पासून नव्या इन्स्टॉलवर एव्हिन्सऐवजी पेपर्स येतो. केडीईवर ओक्युलर असतो. या दोघांचं वेगळं जे आहे ते त्या त्या ठिकाणी सांगितलंय.

## आधी तयारी

काम अडू देऊ नका. समोर ग्राहक उभा असेल तर पीडीएफ फायरफॉक्समध्ये उघडा आणि तिथूनच प्रिंट द्या. फायरफॉक्सचं पीडीएफ इंजिन त्याच्या पोटातच असतं. एव्हिन्स ज्या पॉप्लर लायब्ररीवर (पीडीएफ वाचणाऱ्या सामाईक कोडवर) चालतो तिच्याशी त्याचा संबंध नाही, त्यामुळे एव्हिन्स बंद पडला तरी फायरफॉक्स चालतो. दुरुस्ती रांग संपल्यावर, निवांत करा. घाईत टाइप केलेल्या सुडोच्या कमांडने मशीन आणखी बिघडतं.

लाईटचा भरवसा असेल तेव्हाच पॅकेजना हात लावा. जून ते सप्टेंबर आपल्याकडे लाईट केव्हा जाईल सांगता येत नाही. अपडेट चालू असताना मशीन बंद पडणं हेच या बिघाडाचं एक मोठं कारण आहे. यूपीएस नसेल आणि बाहेर पाऊस कोसळत असेल, तर पायरी १ आणि २ तेवढ्या करा. त्यात पॅकेजमध्ये काही बदल होत नाही.

डिस्कवर जागा आहे का बघा. टर्मिनल उघडून:

`डीएफ -एच`

होम (तुमच्या युजरचं फोल्डर) ज्या डिस्कवर आहे तिथे १०० टक्के दिसत असेल तर पुढचं काही वाचायची गरज नाही. आधी जागा करा. ट्रॅश आणि डाउनलोड्सचं फोल्डर रिकामं केलं तरी दुकानातल्या मशीनवर पुष्कळ जागा सुटते. भरलेल्या डिस्कवर व्ह्यूअरला आपल्या तात्पुरत्या फाइली लिहिता येत नाहीत आणि तो काही न बोलता बंद होऊ शकतो.

कमांड टाइप कशा करायच्या. इथे कमांड फोनवरून सांगतो तशा, उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये अक्षरं आणि आकडे इंग्रजीच टाइप करायचे, आणि वेगळं सांगितलं नसेल तर सगळी अक्षरं लहान. डॅश, स्लॅश, टिंब, उभी रेघ या खुणा दिसतात तशाच. एव्हिन्सचं स्पेलिंग ई, व्ही, आय, एन, सी, ई. सुडो म्हणजे एस, यू, डी, ओ. ग्रेप म्हणजे जी, आर, ई, पी. डीएफ, एलडीडी, डीपीकेजी, एपीटी, यूएसआर ही नावं अक्षरामागे अक्षर. लांब पाथ लिहिताना पहिली दोन-तीन अक्षरं टाइप करून टॅब दाबा, पुढचं टर्मिनल स्वतः पूर्ण करतं. टॅबने नाव पूर्ण झालं नाही, तर ती फाइल तिथे नाही किंवा स्पेलिंग चुकलंय.

## १. बिघाड फाइलमध्ये, युजरमध्ये की मशीनमध्ये?

ही पायरी सगळे गाळतात, आणि वेळ जातो तो त्यामुळेच. तीन चाचण्या आहेत.

पहिली: फाइल न देता, मेनूमधून व्ह्यूअर नुसता उघडा. रिकामी खिडकी आली तर प्रोग्रॅम सुरू होतोय आणि अडचण फाइल उघडण्यात आहे. खिडकीच आली नाही तर सरळ पायरी २ ला जा.

दुसरी: काल-परवा व्यवस्थित उघडलेली दुसरी एखादी पीडीएफ उघडून बघा. ती उघडली आणि आजचीच अडत असेल तर दोष आजच्या फाइलचा. मग व्ह्यूअरला हात लावू नका. फाइल तपासा:

`फाइल सातबारा.पीडीएफ`

उत्तरात 'पीडीएफ डॉक्युमेंट' असं आलं पाहिजे. 'एचटीएमएल डॉक्युमेंट' आलं तर तुमच्याकडे पीडीएफ नाहीच. सरकारी पोर्टलवर किंवा विद्यापीठाच्या हॉल तिकिटाच्या पानावर लॉगिनची मुदत संपलेली असली की डाउनलोडच्या नावाखाली एररचं वेबपान उतरू शकतं, वर नाव मात्र पीडीएफचंच असतं. परत लॉगिन करून फाइल नव्याने उतरवा. 'एम्प्टी' आलं तर फाइल शून्य बाइटची आहे. प्रकार बरोबर असूनही फाइल उघडत नसेल तर:

`पीडीएफइन्फो सातबारा.पीडीएफ`

पानांची संख्या वगैरे आली तर फाइल धड आहे. ट्रेलर डिक्शनरी किंवा एक्सरेफ टेबल सापडत नाही अशी तक्रार आली तर फाइल मध्येच तुटली आहे. फोनवरून पेनड्राइव्हवर घेताना पेनड्राइव्ह घाईने उपसला की हे होतं. पीडीएफइन्फोही पॉप्लरवरच चालतो. तोच सुरू होत नसेल आणि लायब्ररी नाही म्हणून ओरडत असेल, तर फाइल सोडा, पायरी ३ कडे वळा. आणि 'कमांड नॉट फाउंड' आलं तर पॉप्लर-युटिल्स हे पॅकेज टाकलेलं नाही एवढंच, त्याला बिघाड समजू नका.

तिसरी चाचणी सगळ्यात मोलाची. सेटिंग्जमध्ये जाऊन एक नवा युजर तयार करा, त्यात लॉगिन करा आणि तिथे व्ह्यूअर उघडा. नव्या युजरकडे चालला तर मशीन ठीक आहे, बिघाड जुन्या युजरच्या फाइलींत आहे: पायरी ४, ५, ६. नव्या युजरकडेही नाही चालला तर बिघाड मशीनचा: पायरी ३ आणि ७.

> खबरदारी: नव्या युजरकडून जुन्या युजरच्या होममधली पीडीएफ उघडू नका. उबंटू २१.०४ पासून होम फोल्डर इतर युजरना बंद असतं. 'परवानगी नाही' असं येईल आणि तुम्ही भलत्याच दिशेला जाल. चाचणीची फाइल आधी /टीएमपी मध्ये कॉपी करा.

## २. टर्मिनलमधून चालवा आणि शब्द वाचा

आधी अडकून पडलेली जुनी प्रोसेस मारा. एव्हिन्सची एक मदतनीस प्रोसेस मागे चालू असते. ती गोठली की नवीन खिडकी तिच्या उत्तराची वाट बघत बसते.

`पीकिल एव्हिन्स`

आता साध्या युजरनेच, सुडो न लावता:

`एव्हिन्स`

आधी न येणारी खिडकी आता आली, तर गोठलेली प्रोसेसच दोषी होती. काम झालं. नाही आली तर टर्मिनलमध्ये जे उमटेल ते सगळं सिलेक्ट करून कंट्रोल-शिफ्ट-सी ने कॉपी करा आणि एका टेक्स्ट फाइलमध्ये ठेवा. फोटो काढू नका. फोटोतल्या मजकुरात शोध घेता येत नाही, आणि नेमका एक आकडा धूसर येतो.

वाचायचं कसं? 'वॉर्निंग' असलेल्या ओळी आधी बाजूला ठेवा. जीटीकेच्या (खिडक्या-बटणं काढणाऱ्या लायब्ररीच्या) वॉर्निंग निरोगी मशीनवरही येतात. 'लोकेल नॉट सपोर्टेड बाय सी लायब्ररी' ही वॉर्निंग मराठी भाषा निवडली पण तिचा लोकेल तयार केला नाही अशा मशीनवर हमखास दिसते. ती दुरुस्त करावी, पण तिच्यामुळे व्ह्यूअर बंद पडत नाही. खरा मुद्दा बहुधा शेवटच्या एक-दोन ओळींत असतो. तिथे काय लिहिलंय त्यावरून पुढची वाट ठरते:

- 'एरर व्हाइल लोडिंग शेअर्ड लायब्ररीज' किंवा 'फाइल टाइप पीडीएफ नॉट सपोर्टेड': पायरी ३
- 'सिंबॉल लुकअप एरर' किंवा 'अनडिफाइन्ड सिंबॉल': पायरी ४
- 'परमिशन डिनाइड', त्यात डीकॉन्फ (सेटिंग साठवणारी यंत्रणा) किंवा होममधल्या फाइलचं नाव: पायरी ५
- 'सेटिंग्ज स्कीमा इज नॉट इन्स्टॉल्ड': पायरी ६
- काहीच न उमटता बंद, किंवा फक्त काही जागच्याच फाइलींना नकार: पायरी ७
- टर्मिनलमधून नीट उघडतो, क्लिकवर नाही: पायरी ८

'कॅनॉट ओपन डिस्प्ले' आलं तर वेगळी पायरी लागत नाही. तुम्ही एकतर सुडो लावलंय, नाहीतर दुसऱ्या मशीनवरून एसएसएचने आत आहात. त्याच मशीनसमोर बसून, स्वतःच्या लॉगिनमधून चालवा.

> खबरदारी: सुडो लावून व्ह्यूअर चालवू नका, 'नुसतं बघायला' म्हणूनसुद्धा नाही. असं केल्याने होममधल्या काही फाइलींची मालकी रूटकडे (ॲडमिन युजरकडे) जाऊ शकते, आणि मग साध्या युजरला त्या लिहिता येत नाहीत. शिवाय कुठून आलेली ते ठाऊक नसलेली पीडीएफ रूटच्या अधिकाराने उघडणं हा सुरक्षेचा उघड धोका आहे.

## ३. अर्धवट अपडेट आणि हरवलेली लायब्ररी

सगळ्यात जास्त सापडणारा आणि सगळ्यात जास्त चुकीचा हाताळला जाणारा बिघाड हाच.

आधी काय हरवलंय ते बघा:

`एलडीडी /यूएसआर/बिन/एव्हिन्स | ग्रेप "नॉट फाउंड"`

काही उमटलं तर ती हरवलेली लायब्ररी. काहीच उमटलं नाही म्हणून सुटका झाली असं मात्र समजू नका. इथे बरेच जण फसतात. एव्हिन्सचा मूळ प्रोग्रॅम पीडीएफ स्वतः वाचत नाही. प्रत्येक प्रकारच्या फाइलसाठी त्याच्याकडे वेगळा बॅकएंड असतो, आणि पॉप्लर लागते ती पीडीएफच्या बॅकएंडला. म्हणून पॉप्लर तुटलेली असली तरी रिकामी खिडकी झकास उघडते आणि प्रत्येक पीडीएफवर 'हा फाइल प्रकार चालत नाही' असं उत्तर येतं. बॅकएंड वेगळा तपासा:

`एलडीडी /यूएसआर/लिब/एक्स८६_६४-लिनक्स-जीएनयू/एव्हिन्स/४/बॅकएंड्स/लिबपीडीएफडॉक्युमेंट.एसओ | ग्रेप "नॉट फाउंड"`

हा पाथ टॅब दाबत दाबतच लिहा. बॅकएंड्सचं फोल्डरच नसेल किंवा त्यात पीडीएफची फाइल नसेल, तर तेच तुमचं उत्तर.

आता दुरुस्ती. क्रम बदलू नका.

`सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए`

लाईट गेल्यामुळे किंवा कोणीतरी मध्येच खिडकी बंद केल्यामुळे अर्धवट राहिलेली पॅकेजं ही कमांड पूर्ण करते. ती काहीच न बोलता संपली तर अर्धवट काही नव्हतं. मग:

`सुडो एपीटी अपडेट`

`सुडो एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल`

दुसरी कमांड काय टाकणार आणि काय काढणार याची यादी दाखवून विचारते. यादी वाचा. 'रिमूव्ह' खाली डेस्कटॉपच्या पॅकेजांची रांग दिसली तर 'एन' दाबून बाहेर पडा. बाहेरची एखादी रिपॉझिटरी (पॅकेजांचा साठा) जोडलेली असली की असं होतं. आधी ती सॉफ्टवेअर सोर्सेसमधून बंद करा, एपीटी अपडेट परत चालवा आणि मग पुन्हा बघा.

> खबरदारी: लॉक दुसऱ्याच्या ताब्यात आहे असं आलं तर लॉकची फाइल उडवू नका. मागे आपोआप अपडेट चालू असतं. थांबा, चहा घेऊन या. चालू अपडेटखालून लॉक काढला तर पॅकेजांची नोंदवहीच बिघडू शकते.

एलडीडीने दाखवलेलं नाव अजूनही 'नॉट फाउंड'च असेल, तर त्या लायब्ररीचं पॅकेज आणि बॅकएंडचं पॅकेज असं दोन्ही पुन्हा टाका. बॅकएंड लिबईव्हीडॉक्युमेंट३-४ या पॅकेजमधून येतात. पॉप्लरच्या पॅकेजच्या नावात आकडा असतो आणि तो सिस्टीमच्या आवृत्तीप्रमाणे बदलतो: उबंटू २२.०४ वर लिबपॉप्लर११८, डेबियन १२ वर लिबपॉप्लर१२६, उबंटू २४.०४ वर लिबपॉप्लर१३४.

`सुडो एपीटी इन्स्टॉल --रीइन्स्टॉल लिबईव्हीडॉक्युमेंट३-४ लिबपॉप्लर१३४`

त्या आकड्यावरून होणारी सगळ्यात घातक चूक आता सांगतो. मशीन ११८ मागतंय आणि फोल्डरमध्ये १३४ दिसतोय. मग कोणीतरी सुचवतं, १३४ ची लिंक करून तिला ११८ चं नाव द्या. कधी कधी व्ह्यूअर उघडतोही, आणि तिथेच घात होतो. हा आकडा नुसता आवृत्तीचा नाही. आतली रचना बदलली, जुना प्रोग्रॅम या लायब्ररीवर चालणार नाही, असं सांगण्यासाठीच तो वाढवलेला असतो. ६२०४ बेअरिंगच्या शाफ्टवर ६२०५ चढवलं तर ते चढतं, पण भोक ५ मिलिमीटरने मोठं असल्याने डुगडुगतं. उद्यमनगरात कोणी तसं मशीन सुरू करणार नाही. इथेही करू नका. अशी लिंक आधीच कोणी केली असेल तर ती शोधून काढून टाका, मगच पुढचं सगळं. दुसऱ्या मशीनवरून पेनड्राइव्हने लायब्ररीची फाइल आणून टाकणं हा त्याच चुकीचा दुसरा प्रकार.

लिंक बघताना /यूएसआर/लोकल/लिब हे फोल्डर उघडून तिथे पॉप्लर किंवा जीटीकेच्या नावाच्या फाइली आहेत का तेही तपासा. कधीकाळी कोणी सोर्सवरून पॉप्लर बांधून बसवली असेल तर ती इथे असते आणि सिस्टीमच्या लायब्ररीच्या आधी हिचा नंबर लागतो. त्या फाइली दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवा, मग `सुडो एलडीकॉन्फिग` चालवा.

तपासणी: दोन्ही एलडीडी कमांड पुन्हा चालवा. 'नॉट फाउंड' एकही नको. त्यानंतरच व्ह्यूअर उघडून बघा.

## ४. 'सिंबॉल लुकअप एरर'

लायब्ररी सापडते, पण चुकीची सापडते, असा याचा अर्थ. दोन कारणं ठळक आहेत.

एक, तुम्ही कमांड कुठून चालवलीत? स्नॅप स्वरूपात (लायब्ररी सोबतच आणणाऱ्या पॅकेजातून) टाकलेल्या कोड एडिटरच्या आतल्या टर्मिनलमधून चालवली असेल, आणि एररमध्ये /स्नॅप/कोअर२० सारखा पाथ दिसत असेल, तर एव्हिन्स निर्दोष आहे. स्नॅपने आपल्यासाठी लावलेली जीटीके_पाथ नावाची व्हेरिएबल व्ह्यूअरला आपल्या लायब्ररींकडे ओढते. डेस्कटॉपचं साधं टर्मिनल उघडून चालवा. त्याच टर्मिनलमध्ये हवं असेल तर नाव मोठ्या अक्षरांत लिहून:

`अनसेट जीटीके_पाथ`

कॉलेजच्या लॅबमध्ये प्रोग्रॅमिंग शिकवणाऱ्यांनी हे आवर्जून लक्षात ठेवावं. तिथे विद्यार्थी एडिटरमधूनच सगळं चालवतात.

दोन, एलडी_लायब्ररी_पाथ ही व्हेरिएबल. ॲनाकोंडा किंवा एखादं कॅड सॉफ्टवेअर टाकताना कोणीतरी ती होममधल्या .बॅशआरसी किंवा .प्रोफाइल फाइलमध्ये कायमची लावून ठेवलेली असते.

`एको $एलडी_लायब्ररी_पाथ`

हेही नाव मोठ्या अक्षरांत. निरोगी डेस्कटॉपवर उत्तर रिकामं येतं. काही आलं तर अनसेट करून व्ह्यूअर चालवा. चालला तर .बॅशआरसीमधल्या त्या ओळीच्या सुरुवातीला हॅशची खूण टाकून ती निष्क्रिय करा. ओळ पुसू नका, कॅडला तिची गरज लागू शकते. कॅडसाठी ती त्याच्या स्वतःच्या सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये ठेवणं योग्य.

ओक्युलरवर याच घरातला बिघाड 'क्यूटी प्लॅटफॉर्म प्लगइन एक्ससीबी लोड होत नाही' असा दिसतो. तिथेही आधी ॲनाकोंडाने लावलेली क्यूटीची व्हेरिएबल शोधा. ती नसेल तर लिबएक्ससीबी-कर्सर० हे पॅकेज आहे का बघा.

## ५. सुडोने बदललेली मालकी

होममध्ये रूटच्या मालकीचं काय आहे ते शोधा:

`फाइंड ~ -युजर रूट`

सहसा काहीच उमटू नये. .कॉन्फिग, .कॅश किंवा .लोकल खालच्या फाइली दिसल्या तर मालकी परत घ्या:

`सुडो सीएचओडब्ल्यूएन -आर $युजर: ~/.कॉन्फिग ~/.कॅश ~/.लोकल`

इथे डॅशनंतरचा आर मोठा, डॉलरनंतरचा युजर मोठ्या अक्षरांत, आणि त्याला चिकटून अपूर्णविराम. ही कमांड फक्त होममधल्या फोल्डरवर चालवायची. लहरी चिन्हाने (~) सुरू होणाऱ्या पाथऐवजी नुसता स्लॅश पडला तर अख्ख्या सिस्टीमची मालकी बदलेल, आणि मग नव्याने इन्स्टॉल करण्यावाचून इलाज उरत नाही. एंटर दाबण्यापूर्वी ओळ दोनदा वाचा.

डीकॉन्फची तक्रार /रन/युजर च्या खालच्या फाइलबद्दल असेल तर कमांडही नको. ते फोल्डर मेमरीत असतं, मशीन रीस्टार्ट केलं की नव्याने बनतं.

## ६. बिघडलेली सेटिंग आणि न सापडणारा स्कीमा

नव्या युजरकडे चालतो, तुमच्याकडे नाही, मालकीही ठीक आहे. मग व्ह्यूअरची सेटिंग बाजूला करा. बाजूलाच, डिलीट नाही:

`एमव्ही ~/.कॉन्फिग/एव्हिन्स ~/.कॉन्फिग/एव्हिन्स-जुनं`

`जीसेटिंग्ज रीसेट-रिकर्सिव्हली ऑर्ग.ग्नोम.एव्हिन्स`

दुसऱ्या कमांडमध्ये एव्हिन्सचा पहिला ई मोठा. तो लहान लिहिला की 'असा स्कीमा (सेटिंगचा आराखडा) नाही' असं उत्तर येतं आणि माणूस नसलेल्या बिघाडामागे लागतो. एव्हिन्सचं फोल्डर मुळातच नसेल तर पहिली कमांड तक्रार करेल. तिच्याकडे दुर्लक्ष करा.

मोठा ई लिहूनही स्कीमा सापडत नसेल, किंवा व्ह्यूअर त्याच कारणाने कोसळत असेल, तर:

`सुडो एपीटी इन्स्टॉल --रीइन्स्टॉल एव्हिन्स-कॉमन`

`सुडो ग्लिब-कम्पाइल-स्कीमाज /यूएसआर/शेअर/ग्लिब-२.०/स्कीमाज`

पहिली कमांड सामाईक फाइली परत आणते, दुसरी त्यांची सूची नव्याने बांधते. उलट क्रमाने केलं तर सूची जुन्याच फाइलींची बनेल.

## ७. ॲपआर्मरचा नकार, आणि जुनं ग्राफिक्स

उबंटू आणि डेबियनवर एव्हिन्सभोवती ॲपआर्मरचं कुंपण असतं. कोणत्या फोल्डरला हात लावायचा आणि कोणत्या नाही हे ते ठरवतं. होम नेहमीच्या जागेवरून दुसऱ्या डिस्कवर हलवलेलं असेल (लॅबमध्ये हे पुष्कळदा करतात) तर व्ह्यूअरला स्वतःची सेटिंगसुद्धा वाचता येत नाही. पुरावा कर्नलच्या नोंदीत मिळतो:

`सुडो डीमेसेज | ग्रेप डिनाइड`

डीमेसेज म्हणजे डी, एम, ई, एस, जी. डिनाइड मोठ्या अक्षरांत. ओळीत एव्हिन्सचं नाव दिसलं तर कारण सापडलं. उपाय:

`सुडो डीपीकेजी-रीकॉन्फिगर ॲपआर्मर`

होमच्या आणखी जागा कोणत्या असं ते विचारतं. तिथे नव्या जागेचा पाथ शेवटच्या स्लॅशसकट द्या. ॲपआर्मर पूर्ण बंद करा असाही सल्ला मिळतो. तो मानू नका. ज्या दुकानात दिवसभर अनोळखी लोकांच्या पेनड्राइव्हवरच्या पीडीएफ उघडल्या जातात तिथे हे कुंपण फार गरजेचं आहे.

व्ह्यूअर स्नॅप किंवा फ्लॅटपॅकमधून टाकलेला असेल तर त्याचं बंधन वेगळं असतं. फाइल पेनड्राइव्हवरून उघडत नाही आणि डाउनलोड्समध्ये कॉपी केल्यावर उघडते, अशी त्याची ओळख. स्नॅपसाठी त्या ॲपच्या परवानग्यांत जाऊन रिमूव्हेबल मीडिया चालू करा.

पेपर्सबाबत एक गोष्ट. तो जीटीके ४ वर आहे, आणि जुन्या ग्राफिक्स कार्डावर खिडकी काळी येणं किंवा उघडताच कोसळणं असं घडतं. एकदा असं चालवून बघा, जीएसके_रेंडरर मोठ्या अक्षरांत:

`जीएसके_रेंडरर=कैरो पेपर्स`

कैरोचं स्पेलिंग सी, ए, आय, आर, ओ. याने नीट चालला तर दोष ग्राफिक्स ड्रायव्हरच्या बाजूचा आहे, व्ह्यूअर परत टाकून तो जाणार नाही.

## ८. टर्मिनलमधून चालतो, डबल क्लिकवर नाही

व्ह्यूअर ठीक आहे, पीडीएफला कोणता प्रोग्रॅम जोडलाय ते चुकलंय.

`एक्सडीजी-माइम क्वेरी डिफॉल्ट ॲप्लिकेशन/पीडीएफ`

उत्तरात काढून टाकलेल्या प्रोग्रॅमचं नाव आलं तर फाइल मॅनेजरमध्ये पीडीएफवर राइट क्लिक, ओपन विथ (काही आवृत्त्यांत ते प्रॉपर्टीजच्या आत असतं), आणि तिथे डॉक्युमेंट व्ह्यूअर कायमचा निवडा. नाव बरोबर असूनही उघडत नसेल तर होममधलं .लोकल/शेअर/ॲप्लिकेशन्स हे फोल्डर बघा. त्यात एव्हिन्सची जुनी डेस्कटॉप फाइल पडलेली असेल तर सिस्टीमच्या फाइलऐवजी तीच वापरली जाते. ती दुसरीकडे हलवा.

## ९. आता, हवंच असेल तर, पुन्हा इन्स्टॉल

इथवर येऊनही नव्या आणि जुन्या दोन्ही युजरकडे बिघाड तसाच असेल तेव्हाच:

`सुडो एपीटी इन्स्टॉल --रीइन्स्टॉल एव्हिन्स एव्हिन्स-कॉमन`

आधी रिमूव्ह करून मग इन्स्टॉल असं दोन टप्प्यांत करू नका. मध्ये नेट गेलं तर हातात काहीच राहत नाही, आणि रिमूव्हबरोबर डेस्कटॉपचं मेटापॅकेजही (सगळी पॅकेजं एकत्र बांधणारं) निघून जाऊ शकतं. आणि नुसत्या एव्हिन्सच्या रीइन्स्टॉलने पॉप्लर किंवा बॅकएंड बदलत नाहीत हे लक्षात घ्या. त्यांचं काम पायरी ३ मध्येच व्हायला हवं.

## शेवटची तपासणी

मशीन रीस्टार्ट करा. मग याच क्रमाने: मेनूमधून रिकामा व्ह्यूअर, डबल क्लिकने एक पीडीएफ, पेनड्राइव्हवरची एक पीडीएफ, आणि एका पानाची प्रिंट. रीस्टार्टच्या आधी चालून नंतर बंद पडला तर तुम्ही व्हेरिएबल फक्त त्या टर्मिनलपुरती काढली होती, परत पायरी ४. सगळं चाललं की चाचणीचा युजर काढून टाका.

तरीही अडलं आणि कोणाला विचारायचं ठरवलंत तर चार गोष्टी सोबत द्या: सिस्टीमचं नाव आणि आवृत्ती, पायरी १ च्या तिन्ही चाचण्यांचे निकाल, टर्मिनलमधला पूर्ण मजकूर, आणि दोन्ही एलडीडींचं उत्तर. एवढं समोर असलं तर जाणकार माणूस पहिल्याच उत्तरात नेमकं बोट ठेवू शकतो. नमुना म्हणून ग्राहकाचा सातबारा, आधार किंवा ऊसबिलाची फाइल मात्र पाठवू नका. सगळ्याच पीडीएफ अडत असतील तर नमुना लागतच नाही. एकच अडत असेल तर पीडीएफइन्फोचं उत्तर द्या, त्यातली शीर्षक आणि लेखकाची ओळ काढून.